नेटवर्क कार्ड बदलण्याआधी: सर्व्हरच्या एनआयसीतला बिघाड क्रमाने कसा शोधायचा

सर्व्हर नेटवर्कवरून गायब झालाय, केबल नीट बसलेली दिसते, स्विचवाले म्हणतात आमच्याकडे सगळं ठीक आहे. मग पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "कार्ड गेलं, बदलून टाका." कार्ड बदललं जातं, सर्व्हर सुरू होतो, तिकीट बंद होतं. काही दिवसांनी तोच त्रास परत येतो.

कारण कार्ड बदलताना फक्त कार्ड बदलत नाही. केबल निघून पुन्हा बसते, सर्व्हरची वीज पूर्ण तुटते, स्लॉटमधले संपर्क घासले जातात, ट्रान्सीव्हर, म्हणजे केबल आणि पोर्ट यांच्यामध्ये बसणारा छोटा मॉड्यूल, काढून परत लावला जातो, ड्रायव्हर नव्याने लोड होतो, स्विचच्या पोर्टला लिंक नव्याने जुळवावी लागते. यातल्या नेमक्या कशाने काम झालं, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून इथे कार्डाला शेवटचा संशयित मानलंय. कार्डं बिघडत नाहीत असं नाही. पण त्यांच्यावर दोष ठेवायचा तर बाकीच्यांना आधी संशयातून मोकळं करावं लागतं.

उदाहरणं लिनक्सची आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या. विंडोज सर्व्हरवर हेच आकडे पॉवरशेलच्या गेट-नेटअ‍ॅडॅप्टर, गेट-नेटअ‍ॅडॅप्टरस्टॅटिस्टिक्स आणि गेट-नेटअ‍ॅडॅप्टरहार्डवेअरइन्फो यांतून मिळतात. तपासाचा क्रम तोच.

पायरी १: रीबूट थांबवा, आधी पुरावा उचला

रीबूट केला की कार्डाचे सगळे काउंटर शून्यावर येतात आणि कर्नलचा रिंग बफर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने मेमरीत ठेवलेल्या ताज्या नोंदी, पुसला जातो. बिघाडाची जी एकमेव साक्ष होती, ती गेली. त्यामुळे सेवा बंद असली आणि फोनवर फोन येत असले, तरी पहिली पाच मिनिटं पुराव्यासाठी ठेवा.

नेटवर्क बंद असताना आत शिरायचं बीएमसीच्या, म्हणजे लांबून ताबा देणाऱ्या मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपच्या, रिमोट कन्सोलवरून. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. काही सर्व्हरमध्ये बीएमसीला स्वतंत्र पोर्ट नसतो; तो मदरबोर्डवरचाच एक नेटवर्क पोर्ट वाटून घेतो. तशी जोडणी असेल आणि बीएमसीही मिळत नसेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमवरचा संशय बराच कमी होतो, कारण बीएमसी ऑपरेटिंग सिस्टिमच्या भरवशावर चालत नाही. केबल, स्विचचा पोर्ट किंवा कार्डाचं फर्मवेअर यांच्याकडे आधी बघा.

आत गेल्यावर पुढच्या गोष्टींचं आउटपुट फाइलमध्ये साठवा, फाइलच्या नावात वेळ घालून: डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, वेळेच्या नोंदीसह, 'आयपी डॅश एस लिंक', नुसतं ईथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारं साधन) आणि इंटरफेसचं नाव, ईथटूल डॅश आय, म्हणजे ड्रायव्हर आणि फर्मवेअरची आवृत्ती, ईथटूल डॅश कॅपिटल एस, म्हणजे कार्डाचे आतले काउंटर, फायबर असेल तर ईथटूल डॅश एम, आणि एलएसपीसीआय, म्हणजे पीसीआय बसवरच्या कार्डांची यादी, दोन व्ही लावून. बाँडिंग, म्हणजे अनेक पोर्टची मिळून एक जोडणी, असेल तर प्रॉक फाइल सिस्टिममधल्या नेट, बाँडिंग या फोल्डरातली त्या बाँडची फाइल.

काउंटर एकदा बघून काहीच कळत नाही. सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाच्या फ्रेम, ४,००० दिसल्या, पण सर्व्हर वर्षभर चालू असेल तर त्या कधीच्या? कदाचित कुणीतरी मागे केबल हलवली तेव्हाच्या. एक नोंद घ्या, दहा मिनिटं थांबा, दुसरी घ्या आणि वजाबाकी करा. जो काउंटर आत्ता वाढतोय तोच कामाचा.

पायरी २: आपण बघतोय तेच कार्ड आहे ना?

ही पायरी गाळावीशी वाटते, आणि गाळली की दोन तास जातात. चार पोर्टचं कार्ड, शिवाय मदरबोर्डवरचे दोन पोर्ट, आणि मागच्या पत्र्यावर छापलेले आकडे ऑपरेटिंग सिस्टिममधल्या नावांशी जुळत नाहीत. ईथटूल डॅश पी, इंटरफेसचं नाव आणि सेकंदांचा आकडा दिला की त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो. रॅकजवळच्या माणसाला फोनवर विचारा, कोणता लुकलुकतोय. मगच केबलला हात लावायला सांगा.

स्विचच्या बाजूचा पोर्ट एलएलडीपीवरून, म्हणजे शेजारची उपकरणं एकमेकांना आपली ओळख कळवतात त्या प्रोटोकॉलवरून, ओळखता येतो. इंटेलच्या एक्स७१० मालिकेच्या कार्डांवर मात्र एलएलडीपीची पॅकेट कार्डाचं फर्मवेअर स्वतःच गिळतं, ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत ती पोचतच नाहीत. स्विच दिसत नाही म्हणून लिंकवर शंका घेण्याआधी कार्डाच्या प्रायव्हेट फ्लॅगमध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या खास सेटिंगमध्ये, फर्मवेअरचं एलएलडीपी बंद करून बघा.

अलीकडेच सर्व्हरमध्ये दुसरं एखादं कार्ड बसवलं किंवा काढलं असेल, तर इंटरफेसचं नावच बदललेलं असू शकतं. हल्लीची नावं पीसीआय बसवरच्या जागेवरून ठरतात. एक स्टोरेज कार्ड घातलं, बसचे क्रमांक सरकले, आणि 'ईएनपी३एस०' चं 'ईएनपी४एस०' झालं. कॉन्फिगरेशन जुन्या नावाला चिकटून बसलं. हार्डवेअर ठणठणीत आहे, फक्त आयपी पत्ता कुणालाच मिळालेला नाही. मॅक पत्ता जुळवून बघा.

पायरी ३: लक्षणाला नाव द्या

'नेटवर्क चालत नाही' हे लक्षण नव्हे. पुढची दिशा ठरवायला चारपैकी एक निवडावंच लागतं. कार्ड सिस्टिमला दिसतच नाही. कार्ड दिसतं पण लिंक नाही. लिंक येते आणि जाते. किंवा लिंक पक्की आहे पण पॅकेट गळतात, वेग मिळत नाही. चारही बिघाडांची मुळं वेगळी असतात.

लिंकच नाही

आधी 'आयपी लिंक' चं आउटपुट नीट वाचा. 'नो-कॅरिअर' लिहिलं असेल तर इंटरफेस चालू आहे पण समोरून सिग्नल नाही. नुसतं 'डाउन' असेल आणि कंसात 'अप' हा शब्दच नसेल, तर इंटरफेस कुणीतरी बंद ठेवलाय किंवा बूटच्या वेळी तो उचललाच गेला नाही. तो अप केल्याशिवाय ईथटूल 'लिंक डिटेक्टेड: नो' असंच सांगणार, त्यावरून काही निष्कर्ष काढू नका.

तांब्याची केबल असेल तर शंका आधी तिच्यावरच घ्या. फटकन बदलून बघायला ती सगळ्यात सोपी आहे. एक खूण ओळखून ठेवण्यासारखी आहे: १ गिगाबिटची लिंक १०० मेगाबिटवर उतरलेली दिसणं. १०० मेगाबिटला तारांच्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एक तार तुटली, किंवा आरजे४५ च्या खाचेतली एक पिन वाकली, की बरीच कार्डं गिगाबिट सोडून १०० वर जुळवून घेतात आणि तक्रार 'सर्व्हर स्लो आहे' अशी येते. केबल बदलूनही १०० च राहिलं तर टॉर्च घेऊन कार्डाच्या आणि स्विचच्या खाचेत डोकावून पिना बघा.

दोन्ही टोकांना ऑटो-निगोशिएशन, म्हणजे वेग आपसात ठरवून घेणं, चालू आहे ना, हेही बघा. 'वेग हाताने ठरवून टाकला की त्रास मिटतो' ही जुन्या काळातली सवय अजून जिवंत आहे. तांब्यावरच्या गिगाबिटला ऑटो-निगोशिएशन बंधनकारक आहे. आणि १०० मेगाबिटवर एका बाजूने फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) बळजबरीने ठरवलं, दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर ऑटोवाल्या बाजूला समोरचा वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स नाही. मग ती हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच) जाते. हाफवाल्या बाजूला लेट कोलिजन, म्हणजे उशिरा होणाऱ्या टकरी, वाढतात, फुलवाल्या बाजूला सीआरसी एरर. पिंग व्यवस्थित चालतो, फाइल कॉपी मात्र रडत रडत होते.

फायबरचं प्रकरण थोडं मोठं आहे. ईथटूल डॅश एम दिलं की ट्रान्सीव्हर स्वतःची ओळख सांगतो, आणि त्यात निदानाची सोय असेल तर किती प्रकाश बाहेर पाठवतोय आणि किती आत येतोय तेही सांगतो. १० गिगाबिटच्या एसआर, म्हणजे कमी अंतराच्या, प्रकारात येणारा प्रकाश साधारण उणे १ ते उणे ९.९ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) दरम्यान असावा लागतो. एलआर, म्हणजे लांब अंतराच्या, प्रकारात ०.५ ते उणे १४.४ पर्यंत चालतं. आकडा उणे ३० किंवा उणे ४० दिसला तर प्रकाश येतच नाहीये असं समजा: समोरचा पोर्ट बंद आहे, फायबर तुटलीय किंवा दोन तारा उलट्या लागल्यात. पाठवणारी टोकं समोरासमोर आली तर दोघंही ओरडणार आणि ऐकणार कुणीच नाही. कनेक्टरमधल्या दोन फायबर अदलाबदल करून बघायला अर्धं मिनिट लागतं. आकडा सीमारेषेवर, म्हणजे एसआरमध्ये उणे ९ च्या आसपास घुटमळत असेल, तर बहुतेक वेळा टोक घाण झालेलं असतं. फायबर साफ करायचा पेन वापरा, केबलचं टोक आणि ट्रान्सीव्हरचं तोंड दोन्ही पुसा. शर्टाच्या बाहीने पुसू नका. आणि टोकात डोळा लावून 'उजेड येतोय का' बघायचं नाही. एसआरची लहर ८५० नॅनोमीटरची आणि एलआरची १३१० ची, दोन्ही लेझर डोळ्याला दिसत नाहीत पण इजा करू शकतात.

दोन टोकांना दोन जातींचे ट्रान्सीव्हर, एकीकडे एसआर आणि दुसरीकडे एलआर, ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा सापडते. केबलची जातही बघा: ओएम३ वर १० गिगाबिट एसआर ३०० मीटर जातं, तेच जुन्या नारिंगी ओएम१ वर जेमतेम ३३ मीटर.

ट्रान्सीव्हर चांगला असूनही कार्डाने तो नाकारलेला असू शकतो. काही उत्पादक आपल्या यादीतलेच मॉड्यूल स्वीकारतात. डीमेसेजमध्ये 'अनसपोर्टेड एसएफपी' (एसएफपी म्हणजे हाच मॉड्यूल) अशी स्पष्ट ओळ येते. इंटेलच्या जुन्या १० गिगाबिट कार्डांच्या आयएक्सजीबीई ड्रायव्हरला ही अट सैल करणारं पॅरामीटर देता येतं, पण ते निदानापुरतं वापरावं. प्रॉडक्शनमध्ये यादीतला मॉड्यूल घालणं शहाणपणाचं, नाहीतर उद्या दुसरा काही बिघाड झाला तर सपोर्टवाले याच मॉड्यूलकडे बोट दाखवून मोकळे होतील.

२५ गिगाबिट किंवा त्याहून वेगवान लिंक असेल तर एफईसी, म्हणजे एरर दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धत, दोन्ही टोकांना एकच हवी. स्विच आरएस-एफईसीवर आणि कार्ड बेस-आर एफईसीवर किंवा अजिबात शिवाय, असं असेल तर सगळं हार्डवेअर निरोगी असूनही दिवा लागत नाही. ईथटूल डॅश डॅश शो-एफईसी दिलं की कार्डाची बाजू कळते. ५ मीटरची डॅक, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल कायमचे जोडलेली तांब्याची केबल, २५ गिगाबिटवर वापरायची तर आरएस-एफईसी लागतंच.

लिंक येते-जाते

इथे सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे घड्याळ. सर्व्हरचा आणि स्विचचा लॉग शेजारी ठेवा, दोघांची वेळ एनटीपीने जुळलेली आहे याची खात्री करा, आणि आधी काय झालं ते शोधा. लिंक पडली आणि मग ड्रायव्हरने तक्रार केली, की ड्रायव्हरने 'रिसेट अ‍ॅडॅप्टर' लिहिलं आणि त्यामुळे लिंक पडली? पहिल्या प्रकारात केबल, ट्रान्सीव्हर, स्विच. दुसऱ्या प्रकारात कार्ड, ड्रायव्हर, फर्मवेअर किंवा पीसीआय स्लॉट. लॉगमधल्या दोन ओळींचा क्रम अर्धा तपास वाचवतो.

दोन पोर्टच्या कार्डाचे दोन्ही पोर्ट एकाच सेकंदाला पडत असतील आणि ते दोन वेगळ्या स्विचना जोडलेले असतील, तर दोन केबल एकदम बिघडल्या असं मानायला फार मोठा योगायोग लागेल. ही खूण कार्डाकडे किंवा स्लॉटकडे बोट दाखवते. एकच पोर्ट पडत असेल तर त्याच्या वाटेवरच शोधा.

पडण्याची वेळ लोड वाढण्याच्या वेळेशी जुळत असेल तर तापमान बघा. तांब्यावरचं १० गिगाबिट, मग ते कार्डावरचं असो की एसएफपी+ मॉड्यूलच्या रूपातलं, चांगलंच तापतं. सर्व्हरच्या कार्डांवर बहुधा नुसता हीटसिंक असतो, स्वतःचा पंखा नसतो. ती सर्व्हरच्या हवेच्या झोतावर जगतात. रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या किंवा आतलं प्लॅस्टिकचं हवा-मार्गदर्शक झाकण काढून ठेवलं असेल तर झोत भलतीकडेच जातो. साध्या टॉवर पीसीच्या खोक्यात सर्व्हरचं कार्ड बसवणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो.

गिगाबिटवर अधूनमधून, काही कारण नसताना लिंक पडत असेल तर ऊर्जा-बचतीचा ईईई पर्याय बंद करून बघा. काही कार्ड आणि काही स्विच यांचं त्यावरून पटत नाही.

लिंक पक्की, पण पॅकेट गळतात

इथे काउंटरची भाषा समजली पाहिजे, कारण 'एरर' नावाखाली पूर्णपणे वेगळे आजार एकत्र दिसतात.

सीआरसी एरर म्हणजे फ्रेम वाटेत बिघडली. ती मोजतो घेणारा. म्हणून सर्व्हरवर सीआरसी वाढत असतील तर सर्व्हरच्या पाठवण्याच्या बाजूवर शंका घेऊ नका. बिघाड स्विच ते सर्व्हर या दिशेला आहे: स्विचचा ट्रान्समीटर, केबल, किंवा सर्व्हरचा रिसीव्हर. सर्व्हरचा ट्रान्समीटर खराब असेल तर सर्व्हरचे काउंटर स्वच्छ राहतात आणि एरर स्विचच्या पोर्टवर वाढतात. फक्त सर्व्हर बघून 'इकडे काही नाही' म्हणणं त्यामुळे पुरत नाही. दोन्ही टोकांचे आकडे हवेत.

यात आणखी एक गुंता आहे. कट-थ्रू पद्धतीचे स्विच पूर्ण फ्रेम येण्याची वाट न बघता ती पुढे ढकलायला लागतात. सीआरसी तर फ्रेमच्या शेवटी असतो. म्हणजे दूरच्या भलत्याच पोर्टवर बिघडलेली फ्रेम तशीच तुमच्या सर्व्हरपर्यंत येते आणि तुमच्या कार्डाच्या खात्यावर मोजली जाते. एकाच स्विचवरच्या अनेक सर्व्हरवर थोड्या थोड्या सीआरसी एरर दिसत असतील तर त्या सगळ्यांची कार्डं एकदम बिघडलेली नाहीत. स्विचवर ज्या पोर्टातून बिघडलेल्या फ्रेम आत येतायत तो शोधा.

'आरएक्स मिस्ड' किंवा 'नो बफर' असे काउंटर वाढत असतील तर तारेचा दोष नाही. फ्रेम चांगली आली, पण ती ठेवायला जागा नव्हती. सर्व्हर वेळेवर उचलत नाहीये. ईथटूल डॅश छोटा जी ने कार्डाच्या रिंग बफरची, म्हणजे आलेल्या फ्रेम थांबतात त्या रांगेची, सध्याची आणि कमाल मर्यादा बघा आणि कॅपिटल जी ने वाढवा. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये हे करताना लिंक क्षणभर पडते, तेव्हा वेळ निवडून करा. इंटरप्ट सगळे एकाच सीपीयूवर कोसळत नाहीत ना, हेही प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलमध्ये दिसतं. इथे कार्ड बदलून काहीही होणार नाही.

'आरएक्स ड्रॉप्ड' हा मात्र भाबडा काउंटर आहे. सर्व्हरला ज्यांची गरज नाही असे प्रोटोकॉल आणि ओळखीचे नसलेले व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे कप्पे) यांची टाकून दिलेली पॅकेटही कर्नल त्यातच मोजतो. तो सावकाश वाढत असेल आणि कुणाची तक्रार नसेल तर सोडून द्या.

पॉज फ्रेमचे, म्हणजे समोरच्याला थोडं थांबायला सांगणाऱ्या फ्रेमचे, काउंटर झपाट्याने वाढत असतील तर कोण कुणाला थांबवतंय ते बघा. अडकलेल्या कार्डाने सतत पॉज पाठवत राहिल्याने स्विचवरच्या इतरांचीही कोंडी होऊ शकते. तक्रार तिसऱ्याच सर्व्हरकडून येते.

टीसीपीडम्पमध्ये सर्व्हरने पाठवलेल्या पॅकेटवर 'चेकसम चुकीचा' असं दिसलं म्हणून घाबरू नका. चेकसम कार्ड भरतं, आणि टीसीपीडम्प पॅकेट कार्डाकडे जाण्याआधीच टिपतो.

लहान पॅकेट जातात, मोठी अडकतात, असं असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, तपासा. पॅकेटचे तुकडे करू नका असं सांगून पिंग पाठवा: १५०० च्या एमटीयूला १४७२ बाइट, ९००० च्या जम्बोला ८९७२ बाइट. वाटेतला एक स्विच जरी जम्बोला तयार नसला तरी मोठा पिंग मुकाट्याने हरवतो.

आता वेग. आयपर्फ३ हे वेग मोजणारं साधन दोन्ही दिशांनी चालवा. उलट दिशेला डॅश कॅपिटल आर. १ गिगाबिटवर १५०० एमटीयूने सुमारे ९४० मेगाबिट मिळाले तर लिंक पूर्ण भरतेय. १० गिगाबिटवर ९.४ च्या आसपास. एकाच दिशेला वेग पडत असेल तर त्या दिशेचा घेणारा कोण, आणि त्याच्या सीआरसीचं काय, हे बघा. दोन्ही दिशांना ठरावीक उंचीवर आपटून थांबत असेल तर पुढच्या भागातल्या 'लिंक-कॅप' आणि 'लिंक-स्टा' या ओळी बघा.

कार्ड दिसतच नाही, किंवा अर्धवट दिसतं

एलएसपीसीआयमध्ये कार्ड नसेल तर ड्रायव्हरबद्दल बोलण्यात अर्थ नाही. बायोसमध्ये तो स्लॉट किंवा मदरबोर्डवरचा पोर्ट बंद केलेला नाही ना, हे आधी. दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये काही स्लॉट, कधी कधी अख्खा रायझर (स्लॉट असलेली जोड-पाटी), दुसऱ्या सीपीयूला जोडलेला असतो. दुसरा सीपीयू बसवलेलाच नसेल तर तो स्लॉट मृत असतो. त्यात घातलेलं नवंकोरं कार्ड 'बॉक्समधूनच खराब आलं' म्हणून परत पाठवलं जातं. सर्व्हरच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या आकृतीत कोणता स्लॉट कुणाचा ते दिलेलं असतं.

कार्ड कालपर्यंत दिसत होतं आणि आज एलएसपीसीआयमध्ये त्याच्यापुढे 'रेव्ह एफएफ' असं येतंय, तर ते बसवरून निसटलंय. उत्तर देणारं कुणी नसलं की वाचलेले सगळे बिट १ येतात, त्याचं हे रूप. कार्डाची वीज, रायझर, स्लॉटचे संपर्क किंवा खुद्द कार्डाची चिप, असे चार संशयित उरतात.

एलएसपीसीआयच्या सविस्तर आउटपुटमध्ये 'लिंक-कॅप' आणि 'लिंक-स्टा' अशा दोन ओळी असतात. पहिली म्हणजे कार्डाची क्षमता, दुसरी म्हणजे आत्ता मिळालेली वाट. या दोन ओळी फार कमी लोक वाचतात. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीत एका लेनवरून, म्हणजे डेटाच्या एका वाटेवरून, साधारण ७.९ गिगाबिट जातात. आठ लेनवरून सुमारे ६३. दोन पोर्टचं २५ गिगाबिट कार्ड आठ लेनसाठी बनलेलं असतं. ते चारच लेनवर जुळलं असेल तर सुमारे ३१ गिगाबिट उरतात: एक पोर्ट एकटा पूर्ण वेगाने धावतो, दोन्ही एकदम वापरले की गुदमरतात. कारण कधी साधंच असतं, स्लॉट दिसायला आठचा पण आतून चारचाच जोडलेला. पण कालपर्यंत आठ आणि आज चार असेल तर संपर्कात घाण आहे, कार्ड तिरकं बसलंय किंवा रायझर सैल आहे.

डीमेसेजमध्ये पीसीआय बसच्या 'करेक्टेड' एरर येत असतील, बॅड टीएलपी, बॅड डीएलएलपी अशा नावांच्या, तर त्या दुरुस्त झालेल्या आहेत म्हणून दुर्लक्ष करू नका. सर्व्हर बंद करून कार्ड आणि रायझर दोन्ही काढून नीट बसवा. तरीही आल्या तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. एरर कार्डाबरोबर गेल्या की कार्ड दोषी, नव्या जागी गेल्यावर थांबल्या की संशय जुन्या स्लॉटवर.

कार्ड अडकलं: रीबूट आणि वीज तोडणं यांतला फरक

'नेटडेव्ह वॉचडॉग: ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' किंवा 'डिटेक्टेड टीएक्स युनिट हँग' या ओळी म्हणजे कर्नलने पॅकेट कार्डाला दिली, पण कार्डाने ती पाठवल्याची पावतीच दिली नाही. ड्रायव्हर कार्डाला रिसेट करून पुन्हा उभं करतो. एखाद्या वेळी झालं तर नोंद ठेवा. रोज होत असेल तर आधी उत्पादकाच्या सुसंगतता-यादीत ड्रायव्हर आणि फर्मवेअरची जोडी तपासा. नवा ड्रायव्हर आणि तीन वर्षं जुनं फर्मवेअर, हे या त्रासाचं नेहमीचं कारण.

रिसेटनेही कार्ड उठत नसेल तर रीबूट करूनही ते उठेलच असं नाही. सर्व्हर बंद दिसतो तेव्हाही स्टँडबाय वीज चालू असते, आणि नेटवर्क कार्डाचा काही भाग तिच्यावर जागा राहतो. नाहीतर नेटवर्कवरून सर्व्हर जागा कसा करणार? फर्मवेअर अडकलेलं असेल तर ते तसंच अडकून राहतं. सर्व्हर बंद करा, दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढा, मिनिटभर थांबा, मग लावा. यानंतर कार्ड जिवंत झालं तर ते 'बरं झालं' असं लिहू नका. 'वीज तोडल्यावर उठलं' असंच लिहा. हा फर्मवेअरकडे बोट दाखवणारा पुरावा आहे.

२०१३ मध्ये गाजलेलं इंटेल ८२५७४एल या नेटवर्क चिपचं प्रकरण याच जातीचं. एका ठरावीक जागी ठरावीक बाइट असलेलं एकच पॅकेट आलं की पोर्ट मरायचा, लिंकचे दिवे विझायचे, आणि वीज पूर्ण तोडल्याशिवाय तो परत यायचा नाही. चिप निर्दोष निघाली. एका मदरबोर्ड उत्पादकाने तिच्या ईईपीरॉममध्ये, म्हणजे कायमस्वरूपी मेमरीत, चुकीचं प्रोग्रॅमिंग केलेलं होतं. त्याआधी २००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये उलटंच घडलं होतं: कर्नलमधल्या एका दोषामुळे इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूर खराब होऊन चांगली कार्डं निकामी होत होती.

बाँडिंग बिघाड लपवतं

अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, म्हणजे एक पोर्ट चालू आणि दुसरा राखीव अशा, बाँडमध्ये एक पोर्ट मेला तरी सर्व्हर चालत राहतो, आणि कुणी बघत नसेल तर महिनोन्महिने कळत नाही. मग दुसरा पडतो आणि सगळे म्हणतात दोन्ही कार्डं एकदम गेली. बाँडच्या फाइलमध्ये प्रत्येक सदस्याचा 'लिंक फेल्युअर काउंट' बघा. एमआयआय पोलिंगचा, म्हणजे ठरावीक वेळाने लिंक तपासण्याचा, कालावधी ० असेल तर लिंकवर पहारा बंदच असू शकतो. तो सहसा १०० मिलिसेकंद ठेवतात. एलएसीपी, म्हणजे स्विचशी बोलून पोर्ट एकत्र बांधणारा प्रोटोकॉल, असेल आणि पार्टनरचा मॅक पत्ता सगळा शून्य दिसत असेल तर समोर एलएसीपी बोलणारं कुणी नाही: स्विचवर चॅनेल बनवलेलं नाही किंवा केबल भलत्या पोर्टात आहे. कार्डाचा संबंध नाही.

अदलाबदलीची कसोटी

वरच्या सगळ्यातून संशयित एक-दोन उरले की अदलाबदल करा. नियम कडक आहे: एका वेळी एकच वस्तू, आणि प्रत्येक बदलानंतर काउंटरच्या दोन नोंदी. क्रम स्वस्त आणि सोप्या वस्तूपासून: केबल, मग स्विचचा पोर्ट, ट्रान्सीव्हर, कार्डाचा दुसरा पोर्ट, दुसरा स्लॉट, आणि सर्वात शेवटी कार्ड.

शक्य असेल तिथे कपाटातली नवी वस्तू घालण्यापेक्षा चालू असलेल्या शेजारच्या पोर्टची वस्तू आणि बिघडलेल्या पोर्टची वस्तू यांची अदलाबदल करा. बिघाड वस्तूबरोबर सरकला तर सापडला. जागेवर राहिला तर ती वस्तू सुटली. कपाटातली केबल नवी असली तरी चांगली आहे याची हमी नसते. शेजारची निदान आत्ता चालतेय.

कार्डाची स्वतःची चाचणी ईथटूल डॅश टी ने होते. काही सांगितलं नाही तर ती 'ऑफलाइन' प्रकारची चालते आणि चाचणीपुरता इंटरफेस बंद पडतो. चालू सर्व्हरवर 'ऑनलाइन' असं स्पष्ट लिहा. चाचणी नापास झाली तर पुरावा भक्कम. पास झाली तर फारसं काही सिद्ध होत नाही, कारण ती तापलेल्या अवस्थेत आणि भर लोडवर घेतलेली नसते.

तपास चालू असताना फर्मवेअर अद्ययावत करण्याचा मोह टाळा. उत्पादकाचा सपोर्ट पहिल्याच ईमेलमध्ये तेच सुचवतो, आणि कधी कधी ते योग्यही असतं, पण ती एक स्वतंत्र पायरी म्हणून, आधीची आवृत्ती लिहून ठेवून करा.

कार्ड खरंच बदलायचं ठरलं तर

वायरी काढा, अँटिस्टॅटिक पट्टा बांधा, कार्ड कडेने धरा. जुन्या कार्डाचा मॅक पत्ता आधीच लिहून घ्या, कारण नव्याचा वेगळा असणार आणि त्याला बांधलेल्या गोष्टी एकेक करून तुटणार: डीएचसीपीचं आरक्षण, स्विचवरची पोर्ट सिक्युरिटी, नेटवर्क बूट, मॅकला जोडलेलं एखादं सॉफ्टवेअर लायसन्स, इंटरफेसच्या कॉन्फिगरेशनमधला पत्ता. शेजारच्या राउटरच्या एआरपी टेबलमध्ये, म्हणजे कोणत्या आयपीचा मॅक कोणता याच्या नोंदवहीत, जुना मॅक काही काळ टिकतो. नवं कार्ड पहिली काही मिनिटं 'चालत नाही' असं वाटतं त्याचं कारण अनेकदा हेच. नव्या कार्डाचं फर्मवेअर बाकीच्या सर्व्हरमधल्या कार्डांच्या आवृत्तीशी जुळवा, आणि बसवल्यावर लगेच 'लिंक-स्टा' ची ओळ वाचा.

मग पहिल्या पायरीतल्याच सगळ्या नोंदी पुन्हा घ्या. एकदा लगेच, एकदा भर लोडच्या वेळी, एकदा दुसऱ्या दिवशी. जो काउंटर वाढत होता तो स्थिर आहे ना?

काढलेल्या कार्डावर चिठ्ठी लावा: कोणता सर्व्हर, कोणता स्लॉट, कोणता पोर्ट, कोणता काउंटर किती वेळात कितीने वाढला. वॉरंटीत पाठवायचं असेल तर हाच मजकूर आणि डीमेसेजच्या ओळी पहिल्याच ईमेलला जोडा. प्रश्नोत्तरांच्या दोन फेऱ्या वाचतात. पाठवण्याआधी जमलं तर ते कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये घालून आयपर्फ३ रात्रभर चालवा. तिथे ते निर्दोष चाललं तर मूळ सर्व्हरचं तिकीट बंद करू नका. नवं कार्ड त्याच स्लॉटमध्ये, त्याच रायझरवर बसलंय.